पाखराच्या पायाला कुंकू

माणसानं एकदा ठरवलं की मागं हटू नये, या मताचा मी आहे. घरचे म्हणतात हे मत नाही, आजार आहे. म्हणू देत! पण आमच्या हरदोटोल्यात चिखलात चालणाऱ्या पाखरांची ओळख सांगणारं जाडजूड इंग्रजी पुस्तक पहिल्यांदा कोणी आणलं? मी, चुन्नीलाल रहांगडाले यानं! आणि पाखरांचं पुस्तक डोक्यावर घेऊन, पुढे ढोल आणि मागे बायका, अशी मिरवणूक आजवर दुसऱ्या कोणाची निघाली आहे का? दाखवा एखादा! ती निघावी असं मला वाटत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

हे सगळं घडलं छप्पन-सत्तावनच्या हिवाळ्यात. आमचा भंडारा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला होता. गावाला त्याचं काही नव्हतं. धान तेच, डास तेच आणि पटवारीही तोच!

माझ्या बांध्यांना, धानाच्या शेतांना, लागून एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसा तलाव, आमच्या आज्यानं खोदलेला. दिवाळीनंतर तिचं पाणी उतरू लागलं की कडेचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर पाखरं येऊन उतरतात. अंगानं मातकट, चोच लांब, पाय काटकुळे. पटवारी शेत मोजत फिरतो तशी ती चिखल मोजत फिरतात, मध्येच चोच खुपसतात, काहीतरी गिळतात आणि पुन्हा मोजणी सुरू! मला ती पाखरं फार आवडतात. लहानपणापासून आवडतात. सकाळी बोडीच्या पाळीवर, तिच्या बांधावर, कांबळं पांघरून बसायचं आणि त्यांच्याकडे बघायचं, याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात सापडलेलं नाही. का, ते विचारू नका, मला सांगता येणार नाही.

त्या साली माझ्या सावित्रीचं लग्न जुळलं. मुलगा शिवलाल, नागपूरला कॉलेजात शिकणारा, देखणा, कमी बोलणारा. सावित्रीनं त्याला दाराआडून एकदा पाहिलं आणि तेव्हापासून ती वरणात मीठ टाकायचं विसरू लागली. आम्ही अळणी वरण जेवत होतो आणि खूश होतो. मुलात काही खोट नव्हती. खोट होती मुलाच्या बापात!

लखनलाल टेंभरे! मोठा कास्तकार, मोठा आवाज, त्याहून मोठ्या मिशा आणि खांद्यावर दुनळी बंदूक. घर बघायला म्हणून आला, घराकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि थेट बोडीच्या पाळीवर जाऊन उभा राहिला.

"वा समधीजी, वा! पाणलावे! अन् इतके सारे! सगाईच्या पंगतीले दुसरं काही रांधू नका. यायचाच रस्सा करू!"

पाणलावा म्हणजे शिकारी लोक चवीनं खातात ते पाणपाखरू. "हे पाणलावे नोहत, समधीजी," मी म्हणालो.

"नोहत? मंग काय आय?"

"वेगळे पाखरं आयत. खायचे नोहत. पाहुने आयत."

"नाव सांगा."

इतकी वर्षं बघतोय, पण नाव विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

"नाव मालूम नाही म्हणजे पाणलावाच!" लखनलाल मिशांवरून हात फिरवत म्हणाला. "ज्याचं नाव कोणाले सांगता येत नाही ते खायचं असते. शिवलालच्या सगाईले पहिला बार माझा!"

आता आमच्याकडे रिवाज असा की पोरीच्या बापानं व्याह्याला 'नाही' म्हणायचं नसतं. व्याही म्हणाला ही म्हैस उडते, तर पोरीच्या बापानं वर बघायचं. मीही वर बघणार होतो. तेवढ्यात एक पाखरू चिखलातून तुरुतुरु चालत आमच्या बाजूला आलं, मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बुकात दाखवीन! हे पाणलावे नोहत म्हणून छापील बुकात दाखवीन!"

"दाखवा!" लखनलाल गरजला. "बुकात दिसलं तर बंदूक खाली. नाही दिसलं तर पिशवी धरून माझ्या मागं चिखलात तुम्ही उतरायचं!"

"मंजूर!"

घरात आम्ही पोवारी बोलतो. भांडण शेजाऱ्यांनाही कळावं अशी इच्छा असली की झाडीबोलीवर येतो. त्या दिवशी माझी बायको दुलारी अंगणातच झाडीबोलीवर आली.

"पाखरापायी पोरीची सगाई मोडून राहिले का तुम्ही? काऊन जी? पाखरू का तुमच्या घरात भांडे घासते?"

"सगाई नाही मोडत. बुक आणतो, वाद मिटतो."

"गोंदियाले जाताच आहा तर पोथी घेऊन या. सगाई सुखरूप पार पडावी म्हणून मी पोथी बसवायचा नवस बोलली आहो. मोठी आणा, मोठ्या अक्षराची. ध्यानात राहील ना?"

"राहील," मी म्हणालो. माझं डोकं दुसरीकडे असलं की मी सगळ्यालाच होकार देतो.

गोंदियाच्या बाजारातल्या पुस्तकाच्या दुकानात मी छाती काढून शिरलो. "पाखरांची किताब चाहिए!"

दुकानदारानं तोंडातलं पान गालात सरकवलं. "तोते की? ये लो, तोते को बोलना सिखाओ."

"तोता नाही. बोडीवाले पाखरू!"

"अच्छा, शगुन की! कौआ किस तरफ बोले तो क्या होता है..."

"कावळा नाही हो! चिखल में चलनेवाले! लंबी टांगवाले!"

त्यानं बरंच शोधून कोंबड्या पाळायचं पुस्तक काढलं, मग पोरांचं अंकलिपीचं काढलं, त्यात बदकाचं एक चित्र होतं. मी दोन्ही परत सरकवली. तो वैतागला. "सेठ, लंबी टांगवाला तो ऊँट होता है. और ऊँट की भी किताब नहीं है!"

दुसरा माणूस घरी गेला असता. मी स्टेशनाकडे वळलो! तिथे एक कबाडी बसायचा. रेल्वेतला कोणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्याच्याकडे घरातलं सामान टाकून गेला होता, त्यात पुस्तकांचा ढीग. कबाडी ती तराजूत तोलून विकायचा. उकिडवा बसून मी ढीग उपसला आणि काय सांगू, पाखरांची पुस्तकं सापडली! एक नाही, चांगली तीन! आता प्रश्न पडला निवडीचा.

पहिलं रंगीत आणि गुळगुळीत. पण त्यातलं प्रत्येक पाखरू बर्फात उभं! आमच्याकडे बर्फ मिळतो तो गोंदियात, लाकडाच्या भुशात ठेवलेला. दुसरं पातळ, हातात धरायला सोपं, पण आत नुसती हाडं. पाखराचं डोकं, पाखराची तंगडी, पाखराच्या बरगड्या. ते पाखरू खाऊन झाल्यावर ओळखायचं पुस्तक होतं, म्हणजे लखनलालच्या कामाचं! तिसरं उघडलं आणि मी रस्त्यातच बसकण मारली. पान उलटावं तर चिखल, चिखल आणि चिखल, आणि त्यात काटकुळ्या पायांची आमचीच पाखरं! वाळवीनं सुरुवातीची पानं खाल्ली होती, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लिहिणारा कोण, हे मला आजही माहीत नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर मी मॅट्रिकला बसलेला माणूस आहे. त्यातून उठलो नाही, पण बसलो होतो. अडखळत वाचून पाहिलं. एका चित्राखाली लिहिलं होतं: अंग मातकट, चोच लांब, पाय लाल. पुढे: मागच्यासारखाच, फक्त पाय हिरवे. त्याच्यापुढे: मागच्यासारखाच, फक्त पाय पिवळट. म्हणजे सगळी ओळख पायांवर! सोपं काम! पाय बघायचे, पान काढायचं, लखनलालच्या नाकासमोर धरायचं!

"ये पतली ले लो, सेठ," कबाडी म्हणाला. "इसमें वजन कम है."

"मले वजन पाहिजे!" मी छाती ठोकून म्हणालो. त्यानं पुस्तक तोललं आणि गुंडाळायला काही नव्हतं म्हणून गार्डाच्या जुन्या लाल झेंडीत बांधून दिलं.

घरी पोचल्यावर ते बासन ओसरीवर ठेवलं आणि पाय धुवायला विहिरीवर गेलो. पाय धुतले, चूळ भरली, शेजारच्याशी घटकाभर बोललो. परत येऊन बघतो तर ओसरीवर रांगोळी! रांगोळीत पाट, पाटावर लाल फडक्यात माझं पुस्तक, त्यावर फूल, हळद, कुंकू आणि समोर समई! दुलारी हात जोडून उभी. पोथी! मी पोथी विसरलो होतो!

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलेली वस्तू आणली तुम्ही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "अन् किती मोठी आणली!"

वाचकहो, अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? मीही तेच केलं. तिच्या शेजारी उभं राहून हात जोडले.

तोवर शेजारच्या शकुंतलाबाई गावभर सांगून आल्या होत्या. एकदा बसलेली पोथी समाप्ती होईपर्यंत पाटावरून हलत नाही, हा नियम. ती बसलेली असताना गावात कोंबडं कापायचं नाही, बोडीत जाळं टाकायचं नाही आणि बंदूक वाजवायची नाही, हाही नियम. हे आठवलं आणि मी मनातल्या मनात हसलो. बसू दे पोथी!

"अन् समाप्ती सगाईच्या दिवशी, सकाळीच," दुलारी म्हणाली. "म्हणजे व्याह्यायले शिकारीची मोकळीक."

माझं हसू तिथेच वाळलं.

दुपारी बायका जमल्या. मी पाटासमोर बसलो, फडकं सोडलं, पान उघडलं. आत एक लांब तंगड्यांचा पक्षी एका पायावर उभा.

"अजी," शकुंतलाबाई म्हणाल्या, "हा तं बगळा आय."

माघार घ्यायची ती हीच वेळ होती. घेईन तर चुन्नीलाल नाव लावणार नाही! "विष्णूचं वाहन काय?" मी कडाडलो.

"गरुड," बायका म्हणाल्या.

"सरस्वतीचं?"

"हंस."

"अन् कार्तिकस्वामीचं?"

"मोर."

"सगळे पाखरंच ना? मंग? पाखरायची पोथी नसन का? हे वाहनायची पोथी आय!"

"पण इंग्रजीत कशी जी?"

"सायब लोक विलायतेले घेऊन चालले होते. स्टेशनावरून सोडवून आणली!"

एवढं ऐकल्यावर बायकांनी पुस्तकाला जो नमस्कार केला, तसा त्यांनी खऱ्या पोथीलाही केला नसेल.

मग मी वाचू लागलो. चाल लावून, टाळ्यांच्या ठेक्यात. आणि सांगून ठेवतो, त्या दिवसांत मी एक अक्षर खोटं वाचलं नाही! 'हे पाखरू हिमालयाच्या पलीकडून येते. थंडी पडली की निघते. डोंगर ओलांडते. आणि दर वर्षी त्याच पाणवठ्यावर येऊन उतरते.' हे सगळं तिथे छापलेलं होतं!

"हिमालयाच्या पल्याडून?" शकुंतलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "अन् आपल्या बोडीवर येते? कायले जी?"

"त्याले आपली बोडी आवडते म्हणून," मी म्हणालो. हे मात्र पुस्तकात नव्हतं. इतकी वर्षं कांबळं पांघरून ज्यांच्याकडे बघत बसलो, ती पाखरं एवढ्या लांबून येत होती आणि मला पत्ता नव्हता! त्या क्षणी मी पक्कं ठरवलं, लखनलाल असो की लखनलालचा बाप असो, माझ्या बोडीवर बार होणार नाही.

रोज वाचन झालं की आरती व्हायची. आरतीच्या वेळी वाचणाऱ्यानं डोळे मिटून बसायचं, असा आमच्याकडचा रिवाज. मी इमानानं डोळे मिटायचो. तेवढ्या वेळात बायका एकेक करून पुढे यायच्या, वाचून झालेली पानं उलटायच्या, हात जोडायच्या. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते डोळे उघडे असते तर तेव्हाच कळलं असतं! आरती संपली की फडकं बांधलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी फूल ठेवलेल्या पानापासून पुढे वाचायचो. मागची पानं उलटून बघायची मला सोय नव्हती.

अडचण वेगळीच होती. ओळख सगळी पायांवर, आणि पाखरांचे पाय सगळे चिखलात! लाल की हिरवे की पिवळट? चिखलाला चिखलाचा रंग! मी सकाळपासून पाळीवर बसून राहायचो, एक तरी पाखरू पाय स्वच्छ करून बाहेर येईल म्हणून. एकही येत नव्हतं. शेवटी मी लोटा घेऊन स्वतःच चिखलात उतरलो. म्हटलं, लांबून पाणी फेकून पाय धुऊ! पाखरू उडालं, मी गुडघाभर रुतलो, बाहेर आलो, पाणी भरलं, पुन्हा गेलो. सकाळच्या वेळी लोटा घेऊन बोडीकडे वारंवार धावणाऱ्या माणसाबद्दल गाव काय समजेल ते समजलं. संध्याकाळी शकुंतलाबाईंनी डाळिंबाची साल उगाळून पाठवली, पोट आवरायला.

सगाईच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. लखनलाल, त्याची बायको चंद्रावती आणि नव्या रिवाजाप्रमाणे खुद्द शिवलालही. चंद्रावतीबाई शांत, भाविक, पदर कपाळापर्यंत. येताच पोथीपुढे जाऊन बसल्या. आरतीला सगळ्यांत पुढे त्याच. लखनलालनं बंदूक ओसरीच्या कोपऱ्यात टेकवली. नळी माझ्याकडे.

"बुक भेटलं का, समधीजी?"

"भेटलं."

"कुठे आय?"

मी पाटाकडे बोट दाखवलं. तो पाटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाटाकडे. "तुम्ही पाखरायच्या बुकाले पोथी म्हणून बसवून राहिले?"

"हळू बोला! तुमची बायकोच आरती करून राहिली."

"ठीक आय," तो मिशीतल्या मिशीत म्हणाला. "पोथी उठली का मी उठतो."

सकाळी समाप्ती झाली. मिरवणूक निघाली. पोथी माझ्या डोक्यावर, पुढे ढोल, मागे बायका. समाप्तीला पोथी पाण्यापर्यंत न्यायची असते, म्हणून सगळे बोडीकडे निघाले. मागे वळून बघितलं तर ओसरीचा कोपरा रिकामा! बंदूक नाही आणि लखनलालही नाही!

मी डोक्यावर पुस्तक घेऊन पळत सुटलो. मी पळतोय म्हणून ढोलवाले पळाले, ढोलवाले पळतायत म्हणून बायका पळाल्या. अशी धावती मिरवणूक पाळीवर पोचली, तर तिथे लखनलाल गुडघ्यावर बसून नेम धरतोय! ढोल दणाणले, पाखरं भर्रकन उडाली. लखनलाल ओरडला, "ढोल बंद करा! बंद करा म्हणतो!"

ढोल थांबले. पाखरं गिरकी घेऊन बोडीच्या पल्याड गेली. एक मात्र वळलं, उथळ पाण्यात उतरलं, दोन-चार पावलं चालून पाणी सोडायच्या दगडी मोरीवर चढलं. पाण्यातून आलेलं, कोरड्या दगडावर उभं, पाय धुऊन लख्ख!

हिरवे! पाय हिरवे!

"हिरवे!" मी नाचू लागलो. "समधीजी, पाय पाहा! बुकात आय! पाय हिरवे, असं छापून आय! आता दाखवतो!"

मी तिथेच मांडी घातली, फडकं सोडलं, पान काढलं आणि लखनलालच्या नाकासमोर धरलं. लखनलालनं पाहिलं. मी पाहिलं. चित्रातल्या पाखराचे पाय लाल होते. पुढचं पान काढलं, लाल! त्याच्यापुढचं, लाल! बगळ्याचे लाल, टिटवीचे लाल, आणि पायांचा रंग सांगणारी चित्राखालची ओळही कुंकवानं माखलेली! सगळ्या पुस्तकात एकाही पाखराचा पाय दुसऱ्या रंगाचा उरला नव्हता.

"एकही सोडला नाही जी," शकुंतलाबाई अभिमानानं म्हणाल्या. "सगळ्यायच्या पायाले कुंकू लावलं."

आता पूजा म्हटली की पाय आलेच. बायकांची चूक म्हणावी तरी कशी?

"लाल, लाल अन् लाल!" लखनलाल उठून उभा राहिला. "हिरव्या पायाचं पाखरू तुमच्या बुकात एकही नाही! म्हणजे हे बुकातलं नोहे. म्हणजे पाणलावाच! सरका बाजूले!"

त्यानं बंदूक उचलली. मी नळीसमोर जाऊन उभा राहिलो. पुस्तक छातीशी धरलेलं. "आधी मले मारा, मंग पाखराले!"

"समधीजी, सरका. नाही तर सगाई मोडीन!"

"मोडा!"

शब्द तोंडातून गेला तो गेला. पाळीच्या कडेला सावित्री उभी होती, पदराचं टोक दातात धरून. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दुलारीनं तोंडावर हात घेतला. लेकीचा संसार एका पाखरापायी बुडवायला निघालो होतो मी! पण सांगतो, सरकलो नाही!

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून चंद्रावतीबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, एक पान काढलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"याच्या पायाले कुंकू म्या लावलं, काल."

"बरं, मंग?"

"चोच पाहा. पाठ पाहा. पोटाखाली पांढरं पाहा. त्या दगडावर बसून आय तेच हे. पाय तं म्या रंगवले. माझ्या शिवलालचा संसार सुखाचा होऊ दे म्हणून याच्या पाया पडली मी. अन् त्यालेच तुम्ही रश्श्यात टाकून राहिले?"

लखनलालनं चित्र पाहिलं. पाखरू पाहिलं. बायकोकडे पाहिलं. तिकडे मात्र जास्त वेळ बघायची त्याची हिंमत झाली नाही. बंदूक हळूहळू खाली आली. पाखरानं पंख झाडले आणि ते पुन्हा चिखल मोजायला उतरलं.

पण मिशा आडव्या येतात! सगळ्या गावासमोर नुसतं गप्प कसं बसायचं? "ठीक आय," लखनलाल म्हणाला. "पोथी आय तर फलश्रुती असनच. या पाखराची फलश्रुती वाचून दाखवा. मंगच मी जेवीन!"

"हो जी, फलश्रुती राहिलीच!" बायकांनी हात जोडले.

मी पुस्तक परत घेऊन त्या पानाचा शेवट काढला, वाचनात मी तिथपर्यंत कधी गेलोच नव्हतो. कुंकू तिथपर्यंत पोचलं नव्हतं, अक्षरं स्वच्छ होती. पुस्तक वजनदार, म्हणून शिवलाल पुढे आला आणि त्यानं पुस्तकाची एक बाजू धरली. मी वाचलं. पुन्हा वाचलं.

तिथे लिहिलं होतं: 'या पक्ष्याचे मांस फार चवदार लागते. हिवाळ्यात मारावा. लोण्यात परतून मिरपूड घालावी.'

आता काय करायचं? सगळा गाव हात जोडून उभा. मी खाकरलो, चाल लावली आणि वाचू लागलो. "जो या पाखराले पाहील, त्याच्या बांध्या पिकतील! जो या पाखराले जपील, त्याच्या लेकी-सुना सुखानं नांदतील! अन् जो या पाखरावर बंदूक उचलील, त्याच्या मिशा..." इथे मी श्वास घेतला, "...त्याच्या मिशा मुळासकट झडतील!"

लखनलालचा हात आपोआप ओठावर गेला.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पुस्तकाची दुसरी बाजू ज्यानं धरली होती, तो नागपूरला कॉलेजात शिकत होता! मी हळूच मान वळवली. शिवलाल शेवटची ओळ वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, बापाच्या मिशांकडे पाहिलं, मग पाळीच्या कडेला उभ्या असलेल्या सावित्रीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काऊन रे?" लखनलालनं विचारलं. "बरोबर आय का?"

"बरोबर वाचून राहिले मामाजी," शिवलाल शांतपणे म्हणाला. "इंग्रजीत असंच लिहून आय."

सगाई झाली. पंगतीला वांग्याची भाजी आणि वडे होते. लखनलाल जेवला, जेवताना मिशीला हात लावून लावून जेवला. फाल्गुनात लग्न झालं. सावित्री सुखात आहे, वरणात मीठही बरोबर पडतं असं ऐकतो. पाखरं दर हिवाळ्यात येतात. गावातला कोणी त्यांच्याकडे खडासुद्धा फेकत नाही, आणि ती माझ्या बांध्यांतलं लाखोळीचं पीक तुडवत फिरली तरी मलाही फेकू देत नाही! त्यांचं नाव मला आजही सांगता येत नाही, कारण त्या पानावरच्या नावावर शकुंतलाबाईंनी हळदीचं बोट उमटवलं आहे. नसू दे नाव! पाणलावे नोहत, एवढं मी छापील दाखवलं की नाही?

जावई मात्र फार गुणी मिळाला. दिवाळीला येतो, ओसरीवर टेकतो, पाटावरच्या लाल फडक्याकडे बघतो आणि सगळ्यांच्या देखत गोड आवाजात म्हणतो, "मामाजी, एकदा फलश्रुती वाचू का मी?" पहिल्या दिवाळीला माझं मनगटी घड्याळ गेलं. दुसऱ्या दिवाळीला सायकल गेली. यंदा तो आल्यापासून गोठ्यातल्या काळ्या म्हशीभोवती फिरतो आहे.

तर वाचकहो, हिवाळ्यात आमच्या बोडीवर अवश्य या. पाखरं दाखवीन, पाळीवर बसायला कांबळं देईन, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही. फक्त तुम्हाला इंग्रजी वाचता येत असेल, तर आधी तसं कळवा. गोठ्यात आता एकच म्हैस उरली आहे.